सल्ला हवा: जुन्या पिकअपमध्ये बांधून आलेलं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायचे आहेत

माळरान

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९७१ची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे. ३५० घन इंचाचं व्ही-८ इंजिन आणि तीन गिअरचा टीएच३५० ऑटोमॅटिक. दोन्ही उतरवून कामाला दिले होते, आता बांधून परत आलेत. इंजिन स्टँडवर आहे, गिअरबॉक्स प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय आणि पिकअपचा पुढचा भाग रिकामा, धुऊन-रंगवून तयार आहे.

उतरवताना एक जाणता मित्र सोबत होता, तो आता परगावी असतो. त्यामुळे बसवायला मी आणि माझी मोठी बहीण. ब्रेक, स्टिअरिंग, पुढचे बुश ही कामं आम्ही घरीच करतो, हाताला सवय आहे. पण नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं म्हणजे दडपण येतं. या पिकअपवर आमचा फार जीव आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर जोडून एकत्रच आत सोडावेत की वेगवेगळे? हात सहज पोचतोय तोवर काय काय तपासून घ्यावं? आणि पहिल्यांदा चालू करताना नेमकं काय करायचं? शिवाय काहीजण म्हणतात, टीएच३५० विकून ओव्हरड्राइव्हवाला (लांबच्या रस्त्यावर इंजिन मंद फिरवणारा जादा गिअर असलेला) ७००आर४ गिअरबॉक्स टाक. त्याबद्दलही जाणकारांनी सांगावं.

लोखंडवेडा

आधी काही गोष्टी विचारतो, कारण उत्तरं त्यांवर बदलतात. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हकडे ढकलणारे तुकडे) नवे टाकलेत का? फ्लॅट आहेत की रोलर? ब्लॉक मूळचाच आहे ना? क्रँकचं मागचं सील दोन तुकड्यांचं आहे की एकसंध, एवढं पाहिलं तरी कळेल. एकसंध सील १९८६पासून आलं. फ्लेक्सप्लेट (क्रँकला मागे लागणारी दातेरी तबकडी) जुनी वापरणार की नवी? आणि इंजिन बांधून किती काळ लोटलाय?

तोवर एक काम करून ठेवा. ज्याने इंजिन बांधलं त्याच्याकडून लिखित माहिती मागा: बेअरिंगचे क्लिअरन्स, रिंगांचा गॅप, कॅमसोबत येणारं कार्ड, कॅमच्या लोबना (उंचवट्यांना) कोणती पेस्ट लावलीय आणि रॉकर ॲडजस्ट केलेत का. चांगला कारागीर हे टिपून ठेवतोच, आणि मागितलं तर त्याला रागही येत नाही.

मृण्मयी_स

एकत्र सोडा. माझं याबाबत ठाम मत आहे. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाचे) वरचे बोल्ट इंजिन गाडीत असताना फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) हात घालून आवळणं म्हणजे निव्वळ छळ. बाहेर सगळं डोळ्यांसमोर असतं, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) नीट बसलाय की नाही हे उजेडात पाहता येतं, डिपस्टिकची नळी आणि कूलरचे पाइप वेळेवर जुळवता येतात.

सी-१०ला बॉनेट, ग्रिल, रेडिएटर आणि रेडिएटरचा सपोर्ट काढून ठेवला की समोरून जवळजवळ सरळ आत नेता येतं. हे काढायला अर्धा दिवस जातो, पण इंजिन हवेत लटकत असताना तो वेळ पुरेपूर वसूल होतो. चेन आणि इंजिनच्या मध्ये लेव्हलर जरूर लावा, म्हणजे हँडल फिरवून शेपटी खाली-वर करता येते. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडात जुना योक किंवा प्लॅस्टिकचं बूच घालून ठेवा, नाहीतर कलल्याबरोबर ऑइल जमिनीवर. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) बसवू नका, स्मॉल ब्लॉकला (शेव्हरोलेच्या तुमच्यासारख्या व्ही-८ला) तो मागे असतो आणि फायरवॉलला पहिला तोच धडकतो.

आबा_पाना

मृण्मयीचं चुकीचं नाही, पण माणसं दोनच आहेत हे लक्षात घ्या. ओतीव लोखंडाचं पूर्ण इंजिन साधारण २६० किलो, त्याला गिअरबॉक्सचे पन्नास-साठ किलो आणि कन्व्हर्टर जोडले की वजन तर वाढतंच, लांबीही वाढते, आणि लांब वस्तू झोके जास्त खाते. दोन टनी क्रेन म्हणतात ती हात आखूड असताना दोन टनी. हात पूर्ण बाहेर काढला की बहुतेकींची क्षमता अर्ध्या टनावर येते, हातावर भोकापाशी लिहिलेलं असतं ते वाचा. पिकअपचं नाक लांब, त्यामुळे हात बाहेर काढावाच लागतो.

तुमच्याकडे गिअरबॉक्सचा जॅक असेल तर आधी इंजिन आणि मग खालून गिअरबॉक्स हाही चांगला मार्ग आहे, मी बहुतेक वेळा तोच घेतो. पण तो जॅक नसेल तर साध्या जॅकवर गिअरबॉक्स तोलत बसू नका. त्यापेक्षा एकत्र सोडा आणि तिसरा माणूस बोलवा, ज्याचं काम फक्त मागून शेपटीवर नजर ठेवणं आणि "थांबा" म्हणणं.

लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही नाही. बोल्ट खाली पडला तर पडू द्या. पिकअप उचललेली असेल तर ती जॅक-स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही. उचलायची चेन हेडच्या भोकांना तिरकी लावा, एका बाजूने पुढे आणि दुसऱ्या बाजूने मागे, आणि बोल्ट उच्च ग्रेडचे, आट्यात पूर्ण खोल गेलेले असू द्या.

गिअरबदल

गिअरबॉक्सबद्दल मी लिहितो, तेच माझं क्षेत्र.

आधी टीएच३५० की ७००आर४. तुमचा गिअरबॉक्स बांधून आलाय, तर तोच टाका. ७००आर४चा पहिला गिअर ३.०६ आणि चौथा ०.७०, म्हणजे उठाव चांगला आणि लांबच्या रस्त्यावर इंजिन शांत, हे खरं आहे. टीएच३५०चा पहिला २.५२ आणि वरचा थेट १.००. पण ७००आर४ सुमारे तीन इंचांनी लांब आहे. क्रॉसमेंबर मागे सरकवा, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्या, कार्ब्युरेटरला टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलची योग्य भूमिती साधा, कन्व्हर्टर लॉक होण्यासाठी वायरिंग करा. त्यातली टीव्ही केबल चुकीची जुळली तर आतला दाब कमी पडून क्लच प्लेट काही अंतरातच जळतात. एकाच वेळी नवं इंजिन आणि अनोळखी गिअरबॉक्स नको. पुढे हौस झाली तर बदलता येईल.

आता कन्व्हर्टर. या सगळ्या कामात सर्वात जास्त गिअरबॉक्स इथेच मरतात, आणि तेही गाडी एक फूट पुढे जायच्या आत. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओता, त्याच्या मानेला आणि सीलला थोडं लावा आणि सरळ धरून शाफ्टवर चढवा. मग आत ढकलत, फिरवत राहा. तो तीन टप्प्यांत आत जातो: एकदा टर्बाइनच्या स्प्लाइनवर, एकदा स्टेटरच्या, आणि शेवटी मानेवरच्या खाचा पंपाच्या गिअरमध्ये. पुष्कळजण दुसऱ्या टप्प्यावर "बसला" म्हणून थांबतात. गिअरबॉक्स शक्य असेल तर शेपटीवर उभा करून हे काम करा, वजनच मदत करतं.

खरी परीक्षा जोडताना होते. बेल हाउसिंग इंजिनच्या तोंडाला हाताने टेकली पाहिजे, डाउएल पिनांवर (जागा नेमकी धरणाऱ्या पिनांवर) सरकून, बोल्ट न आवळता. मध्ये फट राहिली तर बोल्टने ती ओढून मिटवायची नाही. फट म्हणजे कन्व्हर्टर बाहेर आहे, आणि बोल्ट आवळलात की पंप फुटतो. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत यायला साधारण ३ ते ५ मिमी पुढे ओढावा लागला पाहिजे. अजिबात पुढे येत नसेल तर थांबा. खूपच जास्त पुढे येत असेल तरी थांबा, कारण मग खाचा पंपात पुरत्या गुंतत नाहीत. तिथे बोल्टपाशी वॉशर घालून अंतर जुळवतात.

एक छोटीशी गोष्ट: क्रँकच्या मागच्या तोंडात मॅन्युअल गिअरबॉक्सचं पितळी पायलट बुश राहिलंय का बघा. इंजिन बांधणारे सवयीने ते ठोकून देतात. ते असेल तर कन्व्हर्टरची नाळ आत जात नाही आणि सगळं नीट करूनही फट राहते.

कूलर! जुना गिअरबॉक्स खराब होऊन उतरला असेल तर त्याच्या क्लचची राख आणि लोखंडाचा चुरा रेडिएटरच्या आतल्या कूलरमध्ये आणि पाइपांत बसलेला असतो. तो नव्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याच फेरीत जातो. पाइप फ्लश करा, दोन्ही दिशांनी. कूलर साफ होतोय याची खात्री नसेल तर बदला, आणि परतीच्या पाइपवर एक इनलाइन फिल्टर लावा.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. ७००आर४चा विचार सोडला.

लोखंडवेडा, कॅम आणि टॅपेट नवे, फ्लॅट. ब्लॉक मूळचाच, सील दोन तुकड्यांचं. इंजिन बांधून काही महिने झालेत. बांधणाऱ्याने सगळे आकडे लिहून दिले, कॅमच्या लोबना मॉलिब्डेनमची पेस्ट लावलीय म्हणाला. रॉकर ॲडजस्ट केलेत. फ्लेक्सप्लेट नवी घेतली, १६८ दात्यांची. तिच्यावर एका बाजूला बोटभर जाड वजनाची पट्टी वेल्ड केलेली आहे. दुकानात सांगितलं की स्मॉल ब्लॉकला हीच चालते.

पायलट बुश खरंच आहे! ताईने टॉर्चने पाहिलं. काढतोय.

लोखंडवेडा

ती फ्लेक्सप्लेट लावू नका.

तुमचं ३५० दोन तुकड्यांच्या सीलचं आहे, म्हणजे आतून बॅलन्स केलेलं. त्याला वजन नसलेली फ्लेक्सप्लेट लागते. मोठी पट्टी वेल्ड केलेली बहुधा ४०० स्मॉल ब्लॉकची असते, त्या इंजिनाचा बॅलन्स बाहेरून साधलेला असतो. बोल्टची भोकं तंतोतंत जुळतात, त्यामुळे बसवताना काहीच कळत नाही, आणि मग इंजिन वेग वाढेल तसं थरथरत जातं. माणसं माउंट बदलतात, शाफ्ट बॅलन्स करून आणतात, आणि कारण बेल हाउसिंगच्या आत दडलेलं असतं. बांधणाऱ्यालाही एकदा विचारून घ्या की क्रँक बॅलन्स करताना त्याने कोणती फ्लेक्सप्लेट आणि कोणता डँपर (क्रँकच्या पुढच्या टोकाची थरथर शोषणारी चकती) धरला होता.

१६८ दाते ठेवत असाल तर स्टार्टरचं नाक तिरक्या बोल्टचं लागतं. १५३ दात्यांना सरळ ओळीतले. स्टार्टरचे बोल्टही साधे वापरू नका. मूळ बोल्टच्या अंगावर बारीक रेघा असतात, त्यांच्यामुळे स्टार्टर जागेवर नेमका बसतो. साधे बोल्ट लावले की स्टार्टर किंचित सरकतो आणि मग किरकिर आवाज, नाहीतर दाते खाल्लेले.

आता हात पोचतोय तोवरची कामं. इंजिन स्टँडवर मागच्या तोंडाने पकडलेलं असतं, म्हणून फ्लेक्सप्लेट स्टँडवरून काढल्यावरच लागते, आणि त्या घाईत मागची बाजू कोणी पाहत नाही. क्रेनवर घेतल्यावर थांबा आणि पाहा: ऑइल गॅलरीचे आट्याचे प्लग आहेत का, कॅमच्या मागचं झाकण नीट बसलंय का, डाउएल पिना दोन्ही आहेत का, मागच्या सीलची कड कोरडी आहे का. यातलं काही राहिलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्यावाचून इलाज नाही. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट ६० फूट-पाउंड, त्यांचेच खास बोल्ट, आट्याला लॉकटाइट. कन्व्हर्टरचे आणि बेल हाउसिंगचे साधारण ३५.

फ्युएल पंप यांत्रिक असेल तर त्याची दांडी वर धरायला ब्लॉकच्या पुढच्या उजव्या भोकात तात्पुरता लांब बोल्ट घालतात. पंप बसल्यावर तो काढून आखूड बोल्ट परत लावा. लांब तसाच राहिला तर दांडी दाबली जाऊन हलत नाही.

इंजिन माउंटचे बोल्ट सगळे घातल्याशिवाय एकही घट्ट करू नका. गिअरबॉक्सचं माउंट, क्रॉसमेंबर, दोन्ही बाजूंची माउंट, सगळं सैल बसवा, थोडं हलवा, मग आवळा.

आणि अर्थिंग. इंजिन सुंदर रंगवलंय, चेसिसही रंगवलीय, म्हणजे वीज परत जायला वाटच उरलेली नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल ब्लॉकवर, ब्लॉकवरून एक पट्टी फायरवॉलला, एक चेसिसला, आणि प्रत्येक ठिकाणी रंग खरवडून चकचकीत लोखंड. हे राहिलं तर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल तापते, आणि गेज वेडेवाकडे दाखवतात.

कार्बन_कॉपी

वाचनखूण साठवली. माझी एक भर: सगळ्या पाइपा आणि पेट्रोलचे रबर नवे घाला. या वर्षांच्या पिकअपची टाकी बऱ्याचदा केबिनमध्ये सीटच्या मागे असते. तिच्यातलं जुनं पेट्रोल आणि गंज नव्या कार्ब्युरेटरमध्ये जायला नको, म्हणून टाकी आधी रिकामी करून साफ करा आणि पहिल्या चालूपुरतं ताजं पेट्रोल वापरा. टाकीच्या रबरी नळीत भेग असेल तर वास केबिनमध्ये येतो, ते धोक्याचं आहे.

माळरान

फ्लेक्सप्लेट परत करून वजन नसलेली आणली. बांधणाऱ्यानेही तेच सांगितलं. ती पट्टी इथे विचारली नसती तर बसवून मोकळे झालो असतो.

रेडिएटरचा सपोर्ट काढला, शेजारचा एक मुलगा मदतीला आला, आणि दोन्ही एकत्र आत गेले. कन्व्हर्टर चार मिमीच्या आसपास पुढे ओढावा लागला, म्हणजे गिअरबदल यांच्या मर्यादेत. आता पहिल्या चालूबद्दल सांगा.

लोखंडवेडा

हे सविस्तर लिहितो, कारण फ्लॅट टॅपेटच्या कॅमचं आयुष्य पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. रोलर कॅमला हे इतकं लागू नाही.

फ्लॅट टॅपेट आणि लोब यांचा संपर्क अगदी छोट्या जागेत असतो आणि दाब प्रचंड. टॅपेट स्वतःभोवती फिरत फिरत लोबशी जुळवून घेतो. ते जुळणं होईपर्यंत तिथे ऑइल हवं, आणि ते ऑइल प्रामुख्याने फिरत्या क्रँकवरून उडून येतं. इंजिन आयडलवर असेल तर पुरेसं उडत नाही. म्हणून चालू झाल्या क्षणापासून २००० ते २५०० आरपीएम, थोडं कमी-जास्त करत, वीस ते तीस मिनिटं. आयडल नाही. आणि त्याआधी उगाच सेल मारत बसायचं नाही, कारण प्रत्येक फेरीत पेस्ट पुसली जाते. इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात पेटायलाच हवं, सगळी तयारी त्यासाठी.

ऑइल झिंकवालं, म्हणजे झेडडीडीपी जास्त असलेलं, ब्रेक-इनसाठीचंच. सध्याच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये फॉस्फरसचं प्रमाण कमी केलंय, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. त्यांना चालतं, तुमच्या कॅमला नाही.

डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी ऑइल प्राइम करा, म्हणजे इंजिन सुरू करण्याआधीच ते सगळीकडे पोचवा. या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टने फिरतो, त्यामुळे त्याच्या भोकातून प्राइमिंगचं टूल घालून ड्रिलने पंप फिरवता येतो. दिशा घड्याळाच्या काट्यांची. टूल खालपर्यंत कॉलर असलेलंच घ्या. डिस्ट्रिब्युटरचं अंग ऑइलच्या वाटेचा भाग आहे, नुसता स्क्रूड्रायव्हर घातला तर ऑइल तिथूनच निसटतं आणि वर पोचत नाही. ड्रिलला भार जाणवला की पंपाने ऑइल धरलं. मग बहिणीला क्रँक हाताने थोडा थोडा फिरवायला सांगा आणि व्हॉल्व्ह कव्हर काढून बघा. सोळाही रॉकरमधून ऑइल आलं पाहिजे. यांत्रिक प्रेशर गेज तात्पुरता लावून ठेवा, डॅशबोर्डच्या सुईवर भिस्त ठेवू नका. इंजिन काही महिने उभं होतं, म्हणून हे आदल्या दिवशी नको, चालू करायच्या अगदी आधी.

मग टायमिंग. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर बोट ठेवा, क्रँक फिरवा. बोट उडवणारी हवा आली की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, तिथून डँपरवरची टायमिंगची खूण शून्याच्या थोडी आधी, १० अंशांपाशी आणा. खूण दोन फेऱ्यांत दोनदा शून्यावर येते. एकदा एक नंबरसाठी, एकदा सहासाठी. चुकीची धरलीत तर कार्ब्युरेटरमधून ज्वाळा येतील. डिस्ट्रिब्युटर खाली सरकताना गिअरमुळे रोटर फिरतो, तो हिशेब धरून घाला. शेवटचा पाव इंच बसत नसेल तर पंपाच्या दांडीची खाच जुळलेली नाही. ठोकू नका, क्लँपने दाबू नका. लांब स्क्रूड्रायव्हरने दांडी जराशी फिरवून पुन्हा घाला.

फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, रोटर घड्याळाच्या दिशेने. पाच आणि सात शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून नेऊ नका. एचईआय (पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक) डिस्ट्रिब्युटर लावला असेल तर त्याला पूर्ण १२ व्होल्ट द्या, जुन्या पॉइंटच्या वायरिंगमध्ये रेझिस्टन्स वायर असते, तिच्यावरून नाही.

रेडिएटर भरा, थर्मोस्टॅटमध्ये हवा अडकू देऊ नका, वरचा हीटरचा पाइप क्षणभर सैल करून हवा काढा. कार्ब्युरेटरचं भांडं वेंट नळीतून पेट्रोलने भरा, म्हणजे पंप ओढेपर्यंत सेल मारावा लागणार नाही. गिअरबॉक्समध्ये चार-पाच लिटर एटीएफ आधीच, कारण इंजिन फिरलं की कन्व्हर्टर भरायला लागतो.

समोर एक मोठा पंखा लावा, अग्निशामक हाताशी, मुलं-बाळं लांब, आणि जागा मोकळ्या हवेची. एकजण आत ॲक्सिलरेटरवर, एकजण बाहेर प्रेशर, तापमान आणि गळतीवर. साधा ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला १० पीएसआय तरी हवेत. ऑइल प्रेशर नसेल तर ताबडतोब बंद. पाणी किंवा पेट्रोल गळलं तरी बंद, दुरुस्त करा, मग उरलेली मिनिटं पूर्ण करा. तापमान वाढत गेलं तरी आयडलवर आणून थंड करायचं नाही, बंदच करा. टायमिंग लाइट जोडलेली असू द्या, पण सुरुवातीला कानाने बरं वाटेल तिथे डिस्ट्रिब्युटर धरा, बारीक जुळवणी नंतर.

संपल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही लगेच बदला, आणि फिल्टर कापून आतला कागद पसरून पाहा. बारीक करडी पूड असतेच. चमकणारे तुकडे असतील तर गाडी पुढे नेऊ नका, इथे लिहा. त्यानंतर साधारण ८०० किलोमीटरवर पुन्हा बदल.

आबा_पाना

लोखंडवेडाने सगळं लिहिलं. माझी भर रिंगांबद्दल. कॅम झाल्यावर गाडी रस्त्यावर काढाल तेव्हा एकाच वेगाने सरळ चालवत राहू नका. मध्यम भाराने वेग वाढवा, मग पाय काढून गाडीला स्वतः मंदावू द्या, परत वाढवा. दाबाने रिंगा सिलेंडरला जुळतात. सुरुवातीचे काही दिवस नाजूकपणे, हळू हळू चालवणं हे रिंगांसाठी चांगलं नाही, हे लोकांना पटत नाही पण खरं आहे. सिंथेटिक ऑइलही लगेच नको.

कार्बन_कॉपी

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दुहेरी, कडक असतील तर ब्रेक-इनसाठी आतली स्प्रिंग काढून ठेवतात. तुमचा कॅम मूळच्यासारखा सौम्य असेल तर गरज नाही.

माळरान

चालू झालं! कार्ब्युरेटर भरून ठेवला होता म्हणून लगेच पेटलं. मी आत, ताई बाहेर टॉर्च घेऊन. प्रेशर भरपूर, वरच्या नळीच्या क्लँपपाशी पाण्याचे थेंब दिसले तेवढाच खंड. फिल्टर कापून पाहिला, करडी पूड आहे, तुकडे नाहीत. आम्ही दोघं बराच वेळ तिथे नुसते उभे होतो.

एक शंका. छोटी चक्कर मारली. पहिला-दुसरा नीट, पण दुसऱ्यातून तिसऱ्यात फार उशिरा जातो आणि झटका देतो. गिअरबॉक्सची लेव्हल इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये तपासली, बरोबर आहे.

गिअरबदल

अभिनंदन, ताईंचंही!

गिअरबॉक्स उतरवायचा विचार करू नका, बहुधा बाहेरचंच कारण आहे. टीएच३५०च्या मागच्या उजव्या बाजूला व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, गोल डब्यासारखा. त्याची बारीक नळी इनटेक मॅनिफोल्डला थेट जोडलेली हवी, कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलच्या वरच्या टोकाला नाही. व्हॅक्यूम पोचला नाही तर गिअरबॉक्सला वाटतं तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, म्हणून तो उशिरा आणि जोरात बदलतो. आधी दोन्ही टोकांची रबरं पाहा, इंजिन बसवताना ती फाटतात किंवा चिमटतात. मग मॉड्युलेटरकडचं टोक काढून बोट लावा, इंजिन चालू असताना जोरदार ओढ लागली पाहिजे. नळीत एटीएफ दिसलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय. तो बदला, एका बोल्टने निघतो. तसाच ठेवला तर इंजिन एटीएफ ओढून पांढरा धूर सोडेल.

हे ठीक असेल तर किकडाउनची (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल बघा. ती फक्त थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ताणली गेली पाहिजे. नेहमीच ताणलेली असेल तरीही बदल उशिरा होतो. दोन्ही पाहून लिहा, त्यानंतरही राहिलं तर गव्हर्नरकडे (गाडीच्या वेगानुसार गिअर बदलवणाऱ्या भागाकडे) वळू.

माळरान

मॅनिफोल्डकडचं रबर बेल हाउसिंगच्या बोल्टखाली चिमटलेलं होतं. नवीन नळी टाकली, आता तिसरा गिअर वेळेवर आणि अलगद पडतो. केबलही पाहिली, थोडी ताणलेली होती, सैल केली. गव्हर्नरला हात लावायची वेळ आली नाही. पुढचं ऑइल बदललं की फिल्टरचा फोटो इथे टाकतो.